पेंटरसरांचा तास

लॅबच्या दारात शिडी आडवी आली आणि बाईंना थांबावंच लागलं.

"जरा बाजूला घेता का? माझा तास आहे."

"दोन मिनिटं, मॅडम," शिडीवरचा माणूस वळूनही न बघता म्हणाला. "हे एवढं वळण पुरं होऊ द्या. मध्येच थांबलं की गाठ दिसते."

बाई घाईत होत्या, तरी बघत राहिल्या. दारावर ‘संगणक कक्ष’ उमटत होतं. ना पट्टी, ना पेन्सिलीच्या खुणा… ब्रश एका श्वासात वरून खाली आला.

"अक्षरांमधलं अंतर मोजत नाही तुम्ही?"

"मोजून सारखं ठेवलं ना, तर सारखं दिसत नाही." आता तो वळला. गालावर निळा ठिपका होता. "या ‘ग’मध्ये हवा खूप, ‘ण’ बिचारा दाटीवाटीचा. हवा बघून ठेवायचं."

ते वाक्य बाईंच्या डोक्यात दिवसभर घोळत राहिलं. नववीला वेबपेज करायला शिकवता शिकवता महिन्याभरात त्या मेटाकुटीला आल्या होत्या. मुलं हुशार, कोड बिनचूक लिहीत. पण पानं बघवत नव्हती! लालभडक पानावर हिरवीगार अक्षरं, दर ओळीला नवा रंग, कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतंय. ‘हे चांगलं दिसत नाही’ एवढं बाईंना कळे; का दिसत नाही, ते सांगता येत नसे. त्या पडल्या इंजिनिअर. चित्रकलेत जन्मभर काठावर पास.

संध्याकाळी तो ब्रश धूत होता, तेव्हा त्यांनी धीर केला. "एक तास येऊन मुलांना सांगाल? हे… हवेचं?"

तो हसलाच. "मॅडम, मी नववीतच शाळा सोडली. वडील गेले, त्यांची शिडी माझ्या गळ्यात पडली. मी काय शिकवणार?"

"मला सकाळी शिकवलंत तेच."

गुरुवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, बोटांना मात्र टर्पेंटाइनचा वास. संगणकाला हातही न लावता तो अख्खा वर्ग रस्त्यावर घेऊन गेला आणि पलीकडच्या दुकानांकडे बोट करून म्हणाला, "काय काय वाचता येतं ते सांगा. चालता चालता. थांबायचं नाही."

मुलांना दोनच पाट्या वाचता आल्या. बाकीच्या नुसत्या रंगीत होत्या.

"तुमचं पानही माणूस असंच जाता जाता बघणार. त्याने काय वाचायचं, ते एक ठरवा. बाकीच्या रंगांनी गप्प बसायचं."

परत आल्यावर मांजरांवर पान करणाऱ्या मुलीने आपणहून पाच रंग काढून टाकले. तिची मांजर त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

एकाचे चार गुरुवार झाले. मुलं त्याला ‘पेंटरसर’ म्हणू लागली. पहिल्यांदा हाक आली तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं, दुसऱ्याच कुणाला असेल म्हणून. तास संपला की बाई त्याला कोड शिकवत. तो एका बोटाने टाइप करी, श्वास रोखून.

"कंस बंद करा."

"केला की."

"उघडलात. दोनदा."

"तुमचं लक्ष सारखं माझ्या बोटांवर असतं का?"

"शिकवणाऱ्याचं असावंच लागतं."

"आणि मी शिकवतो तेव्हा कुठे असतं?"

बाईंनी तो कंस स्वतःच बंद केला. कान मात्र तापले होते…

पाचव्या गुरुवारी मुख्याध्यापक दोन बड्या पाहुण्यांना शाळा दाखवत वर्गात आले. फळ्यापाशी उभ्या माणसाकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

उत्तर सोपं होतं. पण बाईंनी परवानगी काढलेली नव्हती. आणि पाहुण्यांची नजर त्याच्या रंग उडालेल्या चपलांवर गेलेली त्यांना दिसली.

"ते… रंगकामाला आलेत."

त्याने हातातला खडू हळूच खाली ठेवला. "हो. दाराचं थोडं बघायचं होतं," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याने आपल्याला सांभाळून घेतलं, हेच बाईंना जास्त लागलं.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन नुसता वाजत राही.

"बाई, पेंटरसर आजारी आहेत का?" मांजरवाल्या मुलीने विचारलं.

"नाही गं. माझंच चुकलं. सगळ्यांसमोर मी त्यांना सर म्हटलं नाही."

"मग म्हणा ना!" मुलगी म्हणाली. जणू एवढंसंच तर काम होतं.

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी आधी डोळे वटारले, मग पदवीचं विचारलं. बाईंनी मुलांची आधीची आणि नंतरची पानं त्यांच्यापुढे उघडून ठेवली. चष्मा वरखाली करत ते बराच वेळ बघत बसले. "लेखी अर्ज द्या, पाहुणे शिक्षक म्हणून," ते शेवटी म्हणाले. "हे आधीच केलं असतंत तर?"

तर… हे बाईंनाही कळत होतं.

शनिवारी दुपारी तो एका औषधांच्या दुकानापुढे सापडला. शिडीवर.

"खाली येता?"

"काम आहे, मॅडम."

"मग तिथूनच ऐका." येणारे-जाणारे बघत होते. बाईंनी आवाज खाली आणला नाही. "त्या दिवशी मला लाज वाटली. तुमची नाही वाटली म्हणाले, तर खोटं होईल. क्षणभर वाटली. मग स्वतःची वाटायला लागली… ती अजून जात नाहीये."

ब्रश थांबला. मग एकेक पायरी करत खाली उतरला.

"खरं बोललात," तो म्हणाला. "गोड बोलला असतात, तर उतरलो नसतो."

"गुरुवारी तुमचा तास आहे. रीतसर परवानगीने. आणि उद्या… घरी याल? आईबाबांना सांगून ठेवलंय."

"कोण म्हणून सांगितलंत?"

त्याने हळूच विचारलं, पण दोन आठवड्यांचं सगळं त्यात होतं. बाईंनी श्वास घेतला.

"ज्याच्याशी मला लग्न करावंसं वाटतं, तो म्हणून."

तो बघतच राहिला. "मला न विचारता?"

"आता विचारतेय."

"आई काय म्हणाल्या?"

"आई कालपासून बोलत नाहीये. बाबांनी एकच विचारलं… अक्षर कसं आहे त्याचं?"

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "नीट विचार करा, मॅडम. लोक पुन्हा विचारतील, हे कोण. जिथे जाल तिथे विचारतील."

"विचारू देत. मला सांगायची सवय होईल."

तेवढ्यात दुकानाच्या आतून मालकांचा आवाज आला, "अरे, हो म्हण की बाबा! पंधरा दिवस झाले, चार अक्षरं रंगवतोय. माझी गिऱ्हाइकं दुकान शोधत फिरतायत!"

बाईंना हसू आवरेना. तो कानापर्यंत लाल झाला, रंगाचे हात शर्टाला पुसले, डाग पडले तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

"उद्या किती वाजता येऊ?" त्याने विचारलं, आणि ‘मॅडम’ म्हणायचं साफ विसरला.