पर्सिमन स्प्रिंगच्या शाळेचं काम अजून चालू आहे

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली आहे. ऐकीव नाही.

माझा नवरा ड्वेन आजही म्हणतो, "नीव्हा, हे लोकांना सांगत जाऊ नकोस. वेडी म्हणतील."

म्हणू देत. त्या दिवशी तो स्वतः तिथे होता. माझ्यापासून हातभर अंतरावर होता. पण ते पुढे सांगते.

ओक्लाहोमाच्या पूर्वेला, टेकड्यांच्या भागात आमचं पर्सिमन स्प्रिंग गाव. साल १९९८. मार्च महिन्यातला शनिवार.

भुताच्या गोष्टी म्हणे रात्री घडतात. ही भर दुपारी घडली. बाहेर लख्ख ऊन होतं.

आमच्या गावची जुनी शाळा तपकिरी दगडाची आहे. एकोणीसशे तीसच्या दशकातल्या मंदीत कुणाच्याच हाताला काम नव्हतं, तेव्हा सरकारने जी कामं काढली त्यातून ती उभी राहिली. गावच्याच माणसांनी दगड फोडले, गावच्याच माणसांनी रचले. पुढे मुलं कमी होत गेली आणि शाळा बंद पडली. तेव्हापासून लग्नाची जेवणं, मयताची जेवणं, सगळं तिथल्या खेळाच्या हॉलमध्ये होतं. आणि दरवर्षी मार्चमध्ये जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा.

मेळावा रविवारी होता. म्हणून शनिवारी मी आणि ओलीटा आत्या टेबलं मांडायला गेलो.

ओलीटा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरीला टेकलेली. फुप्फुसं कामातून गेलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, मागे चाकांवर ओढायचं छोटं सिलिंडर. जीभ मात्र ठणठणीत.

"तू कशाला येतेस, आत्या? टेबलं उचलणार आहेस का?"

"उचलणार तू. मी चुका काढणार."

दाराशी पोचल्यावर ती थांबली. भिंतीच्या कोपऱ्यावर तिने हात ठेवला.

"हा कोपरा डॅडींचा."

तिचे डॅडी म्हणजे माझे आजोबा, एल्झी. शाळेच्या बांधकामावर ते गवंडी होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते गेले.

"तुला बरं अजून आठवतं?"

"न आठवायला काय झालं? रोज त्यांचा डबा घेऊन मीच यायचे. मक्याचा पाव आणि काकवी. आणि गावातले रिकामटेकडे आम्हालाच हसायचे! म्हणे सरकारी कामावरची माणसं दिवसभर फावड्याला टेकून उभी असतात."

"टेकून टेकून भिंत बरी सरळ आली की."

"चूप बस." मग ती स्वतःच हसली. "शेवटी शेवटी मात्र टेकायचे हं. मुद्दाम."

"का?"

"अगं, शाळा पुरी झाली की काम संपणार. मग चुलीवर काय ठेवायचं? शेवटी शेवटी सगळेच हळू झाले. सकाळी बसवलेला दगड डॅडी संध्याकाळी काढायचे. वाकडा बसला म्हणायचे. वाकडा कुठला!"

"मग?"

"मग काय. झालीच पुरी. तो हिवाळा आम्ही शलगम उकडून काढला."

एवढं बोलून ती सिलिंडर ओढत आत गेली.

हॉल मोठा आहे. लाकडी फरशी, एका टोकाला स्टेज, दोन्ही बाजूंना खूप उंचावर खिडक्या. मी मोठं दार सताड उघडलं आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक वीट लावली. आत्याला बाकावर बसवलं. ड्वेन चर्चमधल्या खुर्च्या ट्रकमध्ये घालून मागून येणार होता.

मी टेबलं ओढायला लागले. आत्या चुका काढायला लागली.

"वाकडं."

"सरळ आहे, आत्या."

"वाकडं गं. डोळे तपासून घे."

तेवढ्यात आवाज आला.

टक… टक… टक…

मी थांबले. "सुतारपक्षी."

"सुतारपक्षी दगडाला चोच मारत नाही," आत्या म्हणाली.

टक… टक…

आवाज बाहेरून येत होता. भिंतीच्या पलीकडून. मग त्यात शीळ मिसळली. कुणीतरी काम करता करता सहज घालतो, तशी शीळ. अर्धवट. पुन्हा पुन्हा तेवढंच.

मी आत्याकडे बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"ढग आले वाटतं," मी म्हटलं. कारण हॉलमध्ये एकदम अंधारून आलं होतं.

आत्या वर बघत होती.

"नीव्हा… त्या खिडक्या कुठे गेल्या?"

मी मान वर केली.

पश्चिमेच्या बाजूला एकही खिडकी नव्हती.

फळ्या ठोकलेल्या नव्हत्या. पडदे नव्हते. नुसता दगड. बाकीच्या भिंतीसारखाच दगड. फक्त मधल्या रेघा काळ्या होत्या… ओल्या होत्या.

आणि चुन्या-सिमेंटचा ओला वास येत होता.

"आत्या, ऊठ. चल बाहेर."

मी तिचा हात धरला. वळले.

दार नव्हतं.

दार लागल्याचा आवाज झाला नव्हता. दारच नव्हतं. होती ती भिंत. थेट फरशीपर्यंत. आणि खालच्या दगडाखालून माझी वीट अर्धी बाहेर आलेली.

मी धावत जाऊन भिंतीला हात लावला. गार. दगडांच्या फटींमध्ये बोटं घातली तर नखांत ओला गिलावा आला. मी ओरबाडायला लागले. पहिला थर निघाला. आत घट्ट होतं.

स्टेजच्या मागे एक लहान दार होतं. मी तिकडे पळाले.

तिथेही भिंत.

पलीकडे माणसं बोलत होती. शब्द कळत नव्हते. सूर मात्र ओळखीचा… जेवणाच्या सुट्टीत माणसं बोलतात तसा. मध्येच कुणीतरी हसत होतं.

"ओ! आत माणसं आहेत! ऐकू येतंय का? आत माणसं आहेत!"

टक… टक… टक…

आता उजेड येत होता तो फक्त पूर्वेच्या खिडक्यांतून. मी टेबलावर टेबल चढवलं आणि कशीबशी वर गेले. बाहेर आमची गाडी दिसत होती. रस्ता दिसत होता. कुंपणापाशी कुणाचा तरी कुत्रा उन्हात झोपला होता.

माणूस एकही नव्हता. शिडी नाही, परात नाही, दगडांचा ढीग नाही.

मी काच फोडायला कोपर उगारलं. तेवढ्यात…

माझ्या कानाशीच, टक.

काच नव्हतीच. तिच्या जागी बाहेरून एक दगड सरकत आला आणि खिडकीच्या कडेवर बसला. त्याच्यावर एक हात होता. भेगा पडलेला, घड्यांमध्ये चुना भरलेला. तो हात दगड दाबत होता, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मन लावून.

"थांबा! अहो, थांबा!"

हात थांबला.

मग एका माणसाचा आवाज आला. शांत. चेष्टेत बोलल्यासारखा.

"हळू रे. घाई कुणाला आहे?"

आणि हाताने पुढचा दगड घेतला.

मी खाली कशी उतरले आठवत नाही. आत्या बाकाला धरून उभी होती. तिच्या छातीचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. सिलिंडरवरची सुई तांबड्या पट्ट्याला टेकली होती.

"सुई बघू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. रडू नकोस."

"ड्वेन येईल. आता येईलच तो."

आणि ड्वेन आला.

मी त्याचा ट्रक ओळखला. त्याच्या बुटांचा आवाज ओळखला. जिथे आता भिंत होती तिथे दाराची कडी वाजली, बिजागरी करकरली… आणि पावलं आत आली.

आत. आम्ही होतो त्या हॉलमध्ये.

"नीव्हा? आत्या?"

"ड्वेन! इकडे! इकडे रे!"

पावलं फरशीवरून चालत आमच्याकडे आली. माझ्यासमोरच्या फळ्या दबल्या, करकरल्या. त्याच्या शर्टाला असतो तो डिझेलचा वास आला. मी दोन्ही हात पुढे केले.

तिथे काही नव्हतं. हवा होती.

"गेल्या कुठे ह्या दोघी?" तो माझ्या तोंडासमोर, स्वतःशीच पुटपुटला.

मी किंचाळले. घसा फाटेपर्यंत किंचाळले. पावलं स्टेजपर्यंत गेली, परत आली, माझ्या बाजूने निघून गेली. भिंतीत कडी वाजली. ट्रक सुरू झाला. लांब गेला.

मग शांत.

मग पुन्हा शीळ. पुन्हा टक… टक…

मी खाली बसले. वर आता एकाच खिडकीचा वरचा भाग उरला होता, पोळपाटाएवढा उजेड. तोही कमी होत होता.

आत्याने नाकातली नळी काढली आणि सिलिंडर तिथेच सोडलं.

"आत्या, काय करतेस?"

"रिकामं झालंय ते. ओझं कशाला ओढू?"

भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत ती दाराजवळच्या कोपऱ्यात गेली. बोटातल्या अंगठीने तिने दगडावर ठोकलं.

"डॅडी," ती म्हणाली. "डॅडी, मी ओलीटा."

आवाज थांबला.

शीळ थांबली. बोलणं थांबलं.

देवाशपथ सांगते, त्या ठोक्यांपेक्षा ती शांतता वाईट होती. पलीकडे सगळी माणसं हातातलं काम टाकून ऐकत होती. मला ते अंगावर जाणवत होतं.

आत्याने भिंतीला कान लावला. तिचे डोळे मिटलेले होते. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं. मला फक्त घुमल्यासारखं ऐकू आलं, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसं.

आत्याने उत्तर दिलं. छोटंसं, अगदी हळू. मला ऐकू आलं नाही.

मग तिने मान हलवली. शाळकरी मुली हलवतात तशी.

बराच वेळ काही झालं नाही.

मग दगड घासल्याचा आवाज आला. कुणीतरी मोठा दगड सावकाश मागे ओढत होतं. भिंतीत केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. मी डोळे चोळले…

समोर दार होतं. सताड उघडं. खाली वीट.

मी आत्याला उचललं. हो, उचललं. ती अंगाने भारी बाई होती, मला आजही कळत नाही मी तिला कसं उचललं. बाहेर पडून आम्ही दोघी गवतावर कोसळलो.

ऊन उतरलं होतं. आवारात निम्मं गाव जमलं होतं. ड्वेन शेरिफच्या माणसाशी बोलत होता. तो वळला आणि आम्हाला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठून आलात तुम्ही?"

"आतून."

"आतून?" त्याने माझे खांदे धरले. "नीव्हा, मी तीनदा बघितलं आत. ह्या सगळ्यांनी बघितलं. खिडक्या उघड्या, दार उघडं, ऊन पसरलेलं… आत कुणी नव्हतं गं."

शेरिफचा माणूस माझ्या हातांकडे बघत होता.

"बाई, गिलावा कुठे करत होतात?"

माझ्या दहाही नखांत ओलं सिमेंट होतं.

आत्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ ही बाई ऑक्सिजनशिवाय राहिली कशी, तेच कळत नाही.

रविवारचा मेळावा झाला. त्याच हॉलमध्ये. लोक जेवले, नाचले. कुणाला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. आम्ही दोघी गेलो नाही.

आत्या त्याबद्दल कधीच बोलली नाही. विषय काढला की म्हणायची, "कॉफी ठेव." पुढच्या शरद ऋतूत ती अंथरुणाला खिळली. मी रोज जाऊन बसायचे. एका दुपारी ती छताकडे बघत पडली होती. मी न विचारता ती बोलली.

"त्यांनी विचारलं, आत किती जण आहात?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा हातातला वाडगा मी खाली ठेवला.

"मग? तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, एक."



"एक? आत्या, आपण दोघी होतो."

"हो ना."

"मग मोजताना कुणाला धरलं नाहीस तू? मला की स्वतःला?"

तिने माझ्याकडे बघितलं. आठवायचा प्रयत्न करत होती बिचारी. खरंच करत होती.

"मी घाईत होते गं," ती म्हणाली. "तोंडाला आलं ते बोलले."

दोन दिवसांनी ती गेली.

शाळा अजून आहे. गावात राहायचं तर तिच्यावरूनच जावं लागतं. मी गाडीच्या काचा वर करते आणि रेडिओ मोठा लावते. घरात मात्र एकही दार मी लावू देत नाही, थंडीतसुद्धा. ड्वेन कुरकुरतो आणि अंगावर आणखी एक पांघरूण ओढतो.

त्यांनी एकालाच सोडलं होतं. बाहेर आलो दोघी; एक जण जास्तीची.

आत्याचं तर सगळं झालं. मी अजून आहे… आणि ती माणसं घाईत नाहीत.