जोडीदार बदला

श्रीहरी त्या संध्याकाळी नाचायला आलाच नव्हता. कचरा वेगवेगळा कसा करायचा याची माहितीसभा वरच्या मजल्यावर होती, आणि हा गृहस्थ रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन खालच्या हॉलमध्ये शिरला. तिथे अकॉर्डियन वाजत होतं, माणसं समोरासमोर रांगा करून उभी होती, आणि स्टेजवर माईक धरून एक मुलगी जपानीत हुकूम सोडत होती. तिची नजर त्याच्या कापडी पिशवीवर गेली. पिशवीवर सांगलीच्या भांड्यांच्या दुकानाचं नाव होतं.

"पिशवी खाली ठेवा," ती मराठीत म्हणाली, "आणि उजवा हात पुढे करा."

त्याने डावा केला. कश्मिराला हसू आलं… आणि ते घरी जाईपर्यंत गेलं नाही.

भूकंपात टोकियोला लागूनच्या या उरायासूची जमीन चिखलासारखी पातळ झाली, नळ कोरडे पडले, तेव्हा पाण्याच्या रांगेत परदेशी कुटुंबांना सूचना ओरडून सांगायचं काम याच कश्मिराने केलं होतं. एरवी ती टोकियोच्या एका बँकेत संगणकाचं काम करायची. त्या रांगेत जमलेल्या ओळखी पाणी आल्यावर तुटू नयेत म्हणून म्हाताऱ्या कोबायाशी-सानांनी महिन्यातून एकदा ही 'केली' सुरू केली, म्हणजे स्कॉटिश गाणंबजावणं आणि नाच. जहाजाच्या नोकरीत ते स्कॉटलंडच्या एका बंदरात राहिले होते. तिथे म्हणे केलीला प्रेक्षक नसतो, येईल त्याने नाचायचं. फक्त सूचना देणारी तेवढी नाचत नाही. 'हात धरा, गिरकी घ्या' म्हणायचं, आणि धून संपली की 'कोताई' म्हणायचं, म्हणजे बदला जोडीदार.

श्रीहरी पुढच्या महिन्यातही आला, त्याच्या पुढच्याही. पातळ होणाऱ्या त्याच जमिनीवर तो संशोधन करत होता, पण स्वतःचे पाय मात्र त्याला सांभाळता येत नसत. केली संपली की दोघं कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, कॉफी घेऊन समुद्राच्या बाजूने स्टेशनपर्यंत चालत जात. 'तुम्ही'चं 'तू' झालं. पाऊस असला की तिची छत्री तो धरायचा, आणि त्याचा उजवा खांदा हमखास भिजलेला असायचा. त्यापुढे मात्र दोघंही जात नव्हती. कश्मिरा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प होती, आणि तो का गप्प होता ते त्यालाच ठाऊक.

मग योकोहामाहून तेजश्री येऊ लागली. उंच, हसरी, पहिल्याच दिवशी सगळा नाच शिकलेली. वर श्रीहरीसाठी डब्यात थालीपीठ. योकोहामाहून इथवर थालीपीठ मऊ राहतंच कसं, या विचाराने कश्मिराला ऑफिसात काम सुचेना. स्टेजवरून तिला सगळं दिसायचं. तेजश्रीचा हात त्याच्या हातात… गिरकी… तेजश्रीचं ते मान मागे टाकून हसणं… आणि कश्मिराच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"कोताई," ती माईकमध्ये म्हणायची.

धून अजून अर्धी असायची. आज्या एकमेकींवर आदळायच्या, रांगा विस्कटायच्या, पण श्रीहरी तेजश्रीपासून सुटून सत्तरीच्या सातो-सान आजींच्या हातात पडायचा. दर महिन्याला हेच. कोबायाशी-सान अकॉर्डियन तसंच छातीशी धरून चष्म्यावरून बघायचे. एकदा त्यांनी हळूच विचारलं, हल्ली माझ्या धुना तुम्हाला लांब वाटतात का. कश्मिराने माईकची वायर गुंडाळायला घेतली.

मार्चमध्ये श्रीहरीने सांगितलं, एप्रिलपासून सेंदाई. तिथल्या विद्यापीठात काम मिळालंय, ही शेवटची केली. तेजश्री त्याच्यापासून लांब होईल, सुंठीवाचून खोकला गेला, असं कश्मिराने मनाला समजावून पाहिलं. मन कसलं ऐकतंय. तो गेला की स्टेशनपर्यंत कोण येणार, हे त्या मनाला बरोबर कळलं होतं.

शेवटचा नाच आला तसा श्रीहरी स्टेजपाशी येऊन उभा राहिला. उजवा हात पुढे.

"खाली ये."

"मग सूचना कोण देणार?"

"नाचता नाचता दे. पाण्याच्या रांगेत कुठे माईक होता?"

कोबायाशी-सानांनी धून सुरूच केली. कश्मिरा उतरली. त्याचा तळवा घामाने ओला होता, आणि आज एकही पाऊल चुकत नव्हतं. ती धापा टाकत सूचना देत होती. गिरकी… पुढे… मागे… पुन्हा गिरकी. धून संपत आली. शेजारी तेजश्री उभी होती, श्रीहरीसाठी हात पुढे करून. सगळा हॉल त्या एका शब्दाची वाट बघत होता.

शब्द येईना.

"म्हण ना," श्रीहरी कुजबुजला. "एरवी तर अर्ध्यावरच म्हणतेस."

"तुला… कळलं होतं?"

"सातो-सानांना कळलं होतं. मला त्यांनी सांगितलं."

"तिचा हात धरलास की माझा जळफळाट होतो," कश्मिरा म्हणाली. "मला नाही सोडायचा हा हात. इथेही नाही, सेंदाईलाही नाही."

"मग नको सोडूस. माझ्याच्याने हे सहा महिन्यांत बोलवलं नाही, म्हणून आज खाली बोलावलं."

तेजश्रीने दोघांकडे पाहिलं. पुढे केलेला हात क्षणभर तसाच राहिला, मग तिने तो सातो-सानांकडे वळवला. या वेळी ती हसली नाही. ते पाहून कश्मिराला वाईट वाटलं, पण बोटं काही सैल झाली नाहीत.

कोबायाशी-सानांनी धून पुन्हा पहिल्यापासून घेतली. पुन्हा गिरकी, पुन्हा तीच जोडी. आज्यांना चक्कर यायला लागली. शेवटी म्हाताऱ्याचेच हात भरून आले आणि तो तिथूनच ओरडला, "कोताई!"

सगळ्या हॉलने जोडीदार बदलले. दोघांनी बदलले नाहीत.