मले माय म्हण

सोळा नंबरची नळी आणि लघवीची पिशवी, एवढंच घ्यायला प्रेमिला सकाळीच गोंदियाला आली होती. वैशाख असा तापला होता की रिक्षाची सीटसुद्धा चटके देत होती. औषधाच्या दुकानातला शेठ गल्ल्यावर बसून उसाचा रस पीत होता. त्याने नळीचं पाकीट काऊंटरवर ठेवलं आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"पिछले साल भी आप ही ले गई थीं ना? अम्माजी के लिए?"

"हो."

"अब कैसी हैं?"

"गई वो."

"अरेरे! तो फिर ये किसके लिए?"

"घरवाले के लिए," प्रेमिला म्हणाली आणि पाकीट उचलून पदराखाली घेतलं.

शेठचा ग्लास तोंडापाशीच थांबला. एकाच घरात वर्षाच्या आत दोन माणसांना नळी लागावी, हे धंद्याला बरं असलं तरी ऐकायला बरं नव्हतं. त्याने पैसे मोजून गल्ल्यात टाकले.

परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये ती खिडकीशी बसली. बिरसीच्या विमानतळाजवळ आलं की आभाळातली ती घरघर सुरू व्हायची. शिकाऊ पोरं छोटी विमानं घेऊन दिवसभर चढायची, वळायची आणि फिरून तिथेच यायची. गावातल्या लोकांच्या कानांना आता ते जाणवतही नसे. प्रेमिला मात्र त्या आवाजाने पदर कानांवर ओढायची, कारण लीलाबाई गेली त्या दुपारीही डोक्यावर अशीच घरघर चालू होती.

लीलाबाई म्हणजे तिची सासू. बाई काही देवमाणूस नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. प्रेमिलेला मूल झालं नाही, आणि लीलाबाईने ती गोष्ट कधी कुणाला विसरू दिली नाही. कुणाच्या घरी बारसं असो, हातपंपावर बायका जमलेल्या असोत, ती चारचौघींत विचारायची, "तुले माय कोण म्हणन वं?" आणि स्वतःच हसायची. मुलाला दुसरी बायको करून द्यायचा घाटही तिने घातला होता. देवीदासने तो मोडून काढला. "मले प्रेमू हाये ना," एवढंच तो म्हणाला होता. राईस मिलमध्ये पोती वाहणारा हा माणूस बोलायला कमीच, पण त्या एका वाक्यावर प्रेमिलेने सगळी वर्षं काढली. अख्ख्या जगात तिला प्रेमू म्हणणारा तो एकटाच होता.

मग लीलाबाईला झटका आला. एक अंग गेलं, जीभही गेली. "म्... म्..." एवढाच आवाज उरला. दवाखान्यातून लघवीची नळी घालून तिला घरी आणलं, आणि देवीदासने पिशवी मोठ्या भक्तीने खाटेच्या वर, भिंतीतल्या खुंटीला टांगली. दवाखान्यात सलाईन वर टांगलेलं त्याने पाहिलं होतं. पिशवी म्हणजे पिशवी, ती वरच असणार! दिवसभर पिशवी कोरडी राहिली आणि म्हातारी कण्हत राहिली. दिवेलागणीला उपकेंद्रातली स्नेहल सिस्टर आली, तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो भाऊ, सलाईन आत जायले वर लावतेत. हे बाहेर यायचं होय. पानी का चढावर चढते?"

तिने पिशवी खाली लावली आणि नळीतून धार सुरू झाली. लीलाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सिस्टरने दोघांना नीट समजावलं. नळीला मोड पडू द्यायचा नाही, ती अंगाखाली दबू द्यायची नाही, पाणी भरपूर पाजायचं, पोट साफ ठेवायचं. नळी तुंबली तर रक्तदाब चढून माणूस जिवाला मुकू शकतं. "त्याईले बोलता येत नाही, तं आपणच पिशवीकडे पाहत राहायचं," असं ती म्हणाली.

देवीदासने ते सगळं काळजीने ऐकलं. प्रेमिलेनेही ऐकलं, पण उलट्या बाजूने. एवढी वर्षं जिच्या तोंडाला कुणी झाकण घालू शकलं नाही, ती बाई बोटाएवढ्या रबरी नळीच्या टोकाला आहे, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

प्रेमिला बिड्या वळायची. देवीदास मिलवर गेला की ती सुपडं मांडीवर घेऊन म्हाताऱ्या बाईच्या खाटेशी बसायची. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं आणि गुलाबी सुताचे दोन वेढे देऊन बिडीचं अंग आवळायचं. एका दुपारी तिने ते दोन वेढे नळीला दिले. आधी मोड, मग सूत. हात सराईत होते, गाठ पक्की बसली.

"मले माय म्हण," ती शांतपणे म्हणाली. "मंग सोडीन."

लीलाबाईचे ओठ हलले. "म्... म्..."

"म्हण ना. लय बोलत होती तं! मले माय कोण म्हणन? तूच म्हण."

म्हातारीच्या कपाळावर घाम डवरायचा, बरा असलेला हात चादर ओरबाडायचा, आणि मग कधीतरी प्रेमिला सूत सोडायची. खोटं कशाला बोला, तिला त्यात गोडी लागली होती. जेवण झालं की सुपारी खावी, तशी तिला ती दुपारची सवय झाली.

एक दिवस नळी बांधून ती बिड्या द्यायला कारखान्याच्या कचेरीत गेली. तिथे मुनीमाने बऱ्याच बिड्या छाटून काढल्या, त्यावरून हुज्जत झाली, वेळ गेला. सूत सोडायचं राहिलं, हे तिला कचेरीत पोचण्याआधीच, अर्ध्या वाटेत आठवलं होतं. परत फिरावं असं मनातही आलं होतं. पण ऊन फार होतं.

घरी आली तेव्हा लीलाबाई गेलेली होती. डोळे उघडे, आणि तोंड असं की शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर मिटलेलंच राहिलं होतं. प्रेमिलेने आधी सूत सोडलं. मेलेल्या बाईची पिशवी भरत गेली, आणि वर विमान फेऱ्या घालत होतं. ते सूत तिने गुंडाळून सुपड्यात टाकलं. डॉक्टरांनी दुसरा झटका म्हणून सांगितलं आणि देवीदासने ते मानलं.

चार-सहा महिने गेले असतील. मिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवरून देवीदास पाठीवर पडला. छातीच्या खाली त्याला काहीच कळेनासं झालं. तीच खाट आली, तशीच नळी आली. प्रेमिलेने बिड्या कायमच्या सोडल्या, सुपडं चुलीत घातलं आणि डोळ्यांत तेल घालून त्याची नळी सांभाळू लागली. तिला जगात दुसरं काही नकोच होतं. हा माणूस राहावा आणि त्याने प्रेमू म्हणून हाक मारावी, बस.

तर अशी ती नवी नळी घेऊन घरी पोचली. उन्हाच्या झळा नकोत म्हणून दारं-खिडक्या बंद होत्या, लाईट गेलेली होती, आत दुपारचाच काळोख होता.

"आली का, प्रेमू?" खाटेवरून देवीदास म्हणाला. "डोस्कं लय ठणकून राहिलं."

तिने दार उघडून उजेड केला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, घामाने निथळत होता. पाय मात्र कोरडे, थंड, त्यांवर काटा आलेला. तिने वाकून पाहिलं. पिशवी कोरडी ठणठणीत होती.

ती तशीच धावत गेली आणि स्नेहल सिस्टरला घेऊन आली. सिस्टरने आधी त्याला उशांवर टेकवून बसवलं, मग रक्तदाब मोजला आणि तिचा चेहरा उतरला. "लय वर गेलं, वहिनी. नळी लवकर मोकळी करा लागते, नाई तं डोक्यातली नस फुटन."

तिने एकेक गोष्ट तपासली. नळीला मोड नव्हता. अंगाखाली दबलेली नव्हती. पिशवी खालीच होती. पोट सकाळी साफ झालं होतं. पिचकारीने पाणी सोडून पाहिलं, तर ते आत जाईना. शेवटी तिने नळी काढली आणि उजेडात धरली. आत गाळ नाही, खडा नाही, आरपार मोकळी नळी. फक्त मधोमध ती चिमटलेली होती. दोन वेढ्यांची खूण, शेजारी शेजारी.

"दोरा बांधला होता का याले?"

"नाई," प्रेमिला म्हणाली.

सिस्टरने नवी नळी घातली. थेंब आला नाही. ओटीपोट दगडासारखं टणक लागत होतं. आणि त्या खोलीत, जिथे कित्येक महिन्यांत बिडी वळली गेली नव्हती, तिथे ओल्या जर्द्याचा वास येऊ लागला. खाटेखालून पान कापल्यासारखा बारीक आवाज आला... कचक... कचक... सिस्टरने मान वळवली. तिलाही तो ऐकू आला असावा.

"माय वं!" देवीदास विव्हळला. दुखलं की कुणीही म्हणतं, तसाच.

त्यासरशी नळीतून धार सुटली.

"सुटली बाई!" सिस्टरने निःश्वास टाकला. "आतून आकडी आली असन." पण तिचं वाक्य संपायच्या आत धार थांबली. कुणी चिमटीत धरावी तशी.

प्रेमिलेला सगळं समजलं. ती देवीदासच्या तोंडाशी वाकली. "म्हणा ना... माय म्हणा."

"काऊन?"

"म्हणा!"

"माय..."

थोडी धार आली, पुन्हा तुटली. सिस्टर फोन घेऊन बाहेर धावली, गोंदियाहून गाडी बोलवायला. आत देवीदासची जीभ जड होत चालली. त्याने तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो, "म्... म्..."

तोच आवाज. प्रेमिलेने त्याची हनुवटी दोन्ही हातांत धरली आणि हलवली. "म्हणा! माय म्हणा, मंग सुटन!" घामाचे थेंब त्याच्या भुवयांवरून डोळ्यांत जात होते, आणि तो घाबरून तिच्याकडे पाहत होता. एक अक्षर पुढे सरकत नव्हतं.

तेव्हा ती जमिनीवर बसली, खाटेखालच्या अंधाराकडे तोंड केलं आणि जन्मात सासूला जे म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

"माय... मी म्हणून राहिली ना, माय... सोडा त्याईले. तुमचंच लेकरू होय."

कचकच थांबली. मग पिशवी भरू लागली. भरत राहिली, भरत राहिली, एका माणसाच्या अंगात मावेल त्याहून जास्त, आणि मग आपसूक थांबली. सिस्टर आत आली तेव्हा रक्तदाब उतरत होता. "वाचले," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

प्रेमिला रडत उठली. देवीदासने डोळे उघडले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"माय," तो म्हणाला.

"मी प्रेमू होय जी."

"माय."

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत थोडा रक्तस्राव झाला, जीव वाचला हे नशीब. वाचा येईल न येईल. आली ती एवढीच. पाणी हवं असलं तरी माय, कूस वळवायची असली तरी माय. तुले माय कोण म्हणन, याचं उत्तर प्रेमिलेला घरबसल्या दिवसभर मिळू लागलं. तो हाक मारायचा आणि नळी तुंबायची. तिने "ओ" दिली की मोकळी व्हायची. कधी संतापाने तिने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण त्याच्या कपाळावर घाम आला की तिचं काळीज फाटायचं. "ओ, बाप्पा, ओ!" म्हणत ती धावायची. प्रेमू ही हाक ती विसरायला शिकत होती. निदान तो आपल्याला हाक मारतो, एवढ्यावर तिने मनाला बांधून ठेवलं होतं.

दिवाळी उलटून धानाची कापणी चालू झाली होती. त्या सकाळी ती हातपंपावर होती. परतताना अंगणातच तिला हाक ऐकू आली, "माय..." तिने हंडा खाली टेकवला, पदर सावरला आणि उंबऱ्यात पाय टाकून ओ द्यायला तोंड उघडलं.

"ओ..."

तो आवाज तिचा नव्हता. तो आतून आला होता, खाटेच्या पलीकडून, जड जिभेचा, ओला.

पिशवीत थेंब पडू लागले. देवीदास भिंतीच्या बाजूला तोंड करून हसत होता. नळीवर गुलाबी सुताचे दोन वेढे होते, सैल सोडलेले, टोक खाली लोंबत असलेले. प्रेमिलेची सावली खाटेवर पडली तसा त्याने मान वळवली, तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच अगदी स्वच्छ बोलला.

"माय, हे बाई कोण होय वं?"