पाळण्यावरचं कौल

चिठ्ठी अगदी साधी होती. ‘सोपानमामा, एक कौल सोडायचं आहे. पक्कड घेऊन या. मंगळवारी, दिवस मावळायच्या आत.’ खाली रंभाचं नाव.

भोसरीत दौलतरावांच्या ओसरीवर सोपानराव सुतारांनी गोष्ट सुरू केली ती इथून. जेवणं झाली होती, कंदिलाची वात बारीक केलेली होती. पिंपरीच्या कारखान्यात लागलेल्या पोरांना भाड्यानं द्यायला दौलतराव चार खोल्या बांधत होते. छपराला पत्रा घालावा की कौल, हे विचारायला त्यांनी सोपानरावांना बोलावून घेतलं होतं.

“पत्रा उन्हाळ्यात मानूस भाजून काढतो,” सोपानराव म्हणाले. “गावठी नळीची कौलं दर वैशाखात शाकारावी लागत्यात. मंगलोरी कौल तारेनं खालच्या लाकडी रिपेला बांधून टाकलं, की वारा न्हाई, माकड न्हाई. पर बांधायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या मानसाला इचारा.”

“म्हातारं मानूस काय कौलांचा विंजनेर असतं व्हय?” बीडहून आलेला मालोजी हसला.

सोपानराव हसले नाहीत.

“चौपन्न सालची गोष्ट हाय. तीन वर्सं झाली. कुरुळीची रंभा म्हंजी माझ्या मावसबहिणीची सून. निम्मं तिनं मला सांगितलं. निम्मं मी बघितलं.”

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

रंभा सातवी शिकलेली. शिकल्याचा तिला फायदा एवढाच झाला होता, की बाकीच्या बायकांना नुसतीच भीती वाटायची, रंभाला तिची कारणं क्रमानं सांगता यायची. त्यात पहिली मुलगी झाली. मग तर कारणांना तोटाच राहिला नाही. पोर शिंकली तरी भीती, शिंकली नाही तरी भीती.

फाल्गुनात माकडं छपरावरून गेली आणि गावठी कौलाचा एक तुकडा पाळण्यापासून हातभर अंतरावर पडला. त्या दिवसापासून रंभानं नवऱ्यामागं, ज्योतीरामामागं, मंगलोरी कौलांचा धोशा लावला. ज्योतीराम नुकताच कारखान्यात लागला होता. वैशाखात लाल, सपाट, एकमेकांत खाचेनं बसणारी कौलं बैलगाडीतून आली. ती चढवायला निघोज्याहून सोपानराव आले.

सासूबाई, दुर्गाबाई, बाजेवर बसून वर बघत होत्या. त्यांच्या घरात एक रीत होती. म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकला, की डोक्यावरचं एक कौल काठीनं सरकवायचं. वाट मोकळी झाली की जीव सुखानं जातो. त्यांच्या सासऱ्यांचा तसा गेला होता, नवऱ्याचाही.

“सोपाना,” त्या म्हणाल्या, “जिथनं माकडाला आत येता येत न्हाई, तिथनं मला भाईर जाता येईल का रं?”

“अक्का, तुमच्या बाजंवरचं एक सोडून ठेवतो की. बाकीची बांधतो.”

“तेवढं कर बाबा.”

पण बाजेला लागूनच, नेमका त्याच कौलाखाली, पाळणा टांगलेला होता. त्या संध्याकाळी दुर्गाबाई देवळात गेल्या, तशी रंभा शिडीजवळ आली.

“मामा, तेवढंही बांधून टाका ना. वाऱ्यानं निसटलं तर पोरीवरच पडेल. आत्याबाईंना सांगू नका.”

सोपानराव थोडे घुटमळले. मग चढले. कौलाची तार रिपेला घरात राहूनच बांधावी लागते, बाहेरून तिथं हात पोचत नाही. त्यांनी तार दुहेरी घेतली, पक्कडीनं पीळ दिला आणि उतरले. दोन मिनिटांचं काम.

आषाढात दुर्गाबाई आजारी पडल्या. बुधवारी रात्री वाचा गेली, पण श्वास थांबेना. डोळे वर, त्या एका कौलावर. ज्योतीरामानं लांब काठी घेतली, खालून ढकललं. हलेना. पुन्हा ढकललं.

“सोपानमामानं चुकून बांधलं वाटतं,” तो म्हणाला.

रंभा पोरीला छातीशी धरून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. ती शब्द जुळवत राहिली. बाहेर धो धो पाऊस, घरात पक्कड नाही, सोपानमामांना आणायला जाणार कोण? रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास आपला आपण थांबला. डोळे मात्र मिटवावे लागले.

गुरुवार, पंधरा जुलै.

त्याच रात्री आवाज सुरू झाला.

वळचणीच्या पहिल्या ओळीत. कौलांच्या आतल्या बाजूनं. बोटाच्या पेरानं माठ वाजवून बघावा, तसा. टक्. मग पुढच्या कौलावर. टक्. सरकवून बघावं, न सरकल्यावर पुढं जावं, असं. पहाटेपर्यंत ती ओळ संपली.

“नवी कौलं हायेत, पानी पिऊन फुगत्यात,” ज्योतीराम म्हणाला. नवी नोकरी, सुतकातही रजा नाही; त्याला रात्रपाळी होती. त्याला ऐकू येणार कधी?

दुसऱ्या रात्री दुसरी ओळ. तिसऱ्या रात्री तिसरी.

रंभा शाळेत गणितात पहिली यायची. नवव्या दिवशी तिनं वर बघून ओळी मोजल्या आणि मोजल्याबद्दल स्वतःलाच चार शिव्या दिल्या. पाळण्यावरचं कौल तेराव्या ओळीत होतं. मधोमध. म्हणजे तेराव्याला. मंगळवार, सत्तावीस जुलै, मध्यरात्रीच्या आसपास.

अमावास्यासुद्धा नव्हती. तिला अजून दोन दिवस होते.

सुतकातलं घर, तान्ही पोर, जायचं कुठं? आणि नवऱ्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिच्या तोंडून “भाकरी वाढू का?” एवढंच निघालं. शेवटी तिनं चिठ्ठी लिहिली.

“आन् तुमी येळंवर गेला?” मालोजीनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“न्हाई,” सोपानराव म्हणाले. “वाटंतल्या ओढ्याला पानी आलं व्हतं. उतार पडंस्तवर दहा वाजलं.”

सोपानराव भिजत पोचले, तेव्हा तेराव्याचं जेवण आटोपून माणसं पांगली होती. ज्योतीराम कामावर गेला होता. रंभा पोरीला मांडीवर घेऊन बाजेपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसली होती.

“मामा, ऐका.”

टक्.

भिंतीकडून चौथं कौल.

“उंदीर असंल,” सोपानराव म्हणाले. त्यांचा त्यांनाच आवाज पटला नाही.

टक्.

“पुढं पुढं येतंय,” रंभा म्हणाली. “तिथंही बांधलेलंच सापडलं... तर मग त्या खाली बघतील. कुणी बांधायला लावलं ते.”

सोपानराव शिडी घ्यायला गोठ्यात गेले. आणून लावली. पक्कड तोंडात धरून चढले. कंदील खाली रंभाच्या हातात.

टक्.

पाळण्यावरच्या कौलापासून तिसरं.

तार ओल्यानं गंजलेली. पीळ सुटेना. पक्कड घसरली. पुन्हा धरली.

टक्.

आता दुसरं. सोपानरावांच्या कानापासून दीड हातावर. कौल हललेलं त्यांना दिसलं. काही नव्हतं तिथं. नुसतं कौल... खालून वर... जरासं उचललेलं.

“मामा...”

पीळ सुटला. दुसरा सुटला.

टक्.

अगदी शेजारचं.

तार निघाली, रिपेवरून लोंबत राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी कौल वर रेटलं. पाऊस तोंडावर आला. वारा आला. कंदिलाची ज्योत उभीच्या उभी वर ओढली गेली, लांब, बारीक... आणि परत खाली बसली.

मग काही नाही.

दोघं ऐकत राहिली.

काही नाही.

“आत्याबाई,” रंभा हळूच म्हणाली, “माझं चुकलं.”

पाऊस सरळ पाळण्यात पडत होता. तिनं पाळण्यातलं टोपडं उचललं. दुर्गाबाईंनी शिवलेलं. त्याची नाडी त्या एका खास गाठीनं बांधायच्या, दोन पाकळ्यांच्या, एक टोक ओढलं की अलगद सुटणाऱ्या. तीनदा दाखवली त्यांनी. रंभाची गाठ एकतर सुटायची, नाहीतर कात्रीनंच कापावी लागायची. ‘सातवी शिकलीस, आन् टोपड्याची गाठ येत न्हाई?’ हे दिवसातून एकदा ठरलेलं. तिनं पोरीला टोपडं घातलं. नाडी तशीच लोंबत ठेवली.

पाळण्याखाली पातेलं ठेवलं.

“रातभर उघडंच ऱ्हाऊ दे,” सोपानराव म्हणाले. “सकाळी लावू.” घरात एकटी बाई, म्हणून ते शिडी, पक्कड घेऊन ओसरीवर निजायला गेले. रंभानं आतून कडी घातली.

जागायचं तिनं ठरवलं होतं. पातेल्यात थेंब पडत होते. मोठ्यानं. मग बारीक. पोरीला पदराखाली घेऊन ती बसून राहिली. थेंब मोजता मोजता...

जाग आली ती गोठ्यात म्हैस ओरडली तेव्हा. फटफटलं होतं. बाहेर पाऊस तसाच कोसळत होता.

पातेल्यात थेंब पडत नव्हते.

तिनं वर पाहिलं. कौल जागेवर होतं.

पोर मांडीवर झोपलेली. कोरडी, ऊबदार. रंभाला आधी रडूच आलं. गेल्या. सुखानं गेल्या, आणि जाताना नात भिजू नये म्हणून मागं कौलसुद्धा ओढून घेतलं. तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं कडी काढून सोपानरावांना हाक मारली.

“वाऱ्यानं सरकलं आसंल,” ते म्हणाले. त्यांनी ओसरीवरची शिडी आत आणली. चढले.

वर गेले आणि थांबले.

“काय झालं मामा?”

हात रिपेवर तसाच.

“मामा?”

“...काय न्हाई.”

ते उतरले. तिच्याकडे बघेनात. रंभाला वैशाखातली ती संध्याकाळ आठवली. शिडी. दोन मिनिटांचं काम.

“मामा, तार बांधलीय का?”

ते शिडीपासून दूर सरकले.

“कौलाची तार घरातूनच बांधतात ना?”

सोपानरावांनी पोरीला घ्यायला हात पुढं केले. रंभानं पोर त्यांच्याजवळ दिली आणि पदर खोचून स्वतः शिडी चढली.

जाड तार होती ती. पक्कडीशिवाय वाकत नसे. आणि पक्कड तर रात्रभर ओसरीवर, सोपानरावांच्या उशाशी होती.

तारेवर पक्कडीचा एकही नवा ओरखडा नव्हता. ती बांधलेली होती रिपेला, आतून, घट्ट.

दोन पाकळ्यांच्या गाठीनं.