डोंगरीण कोणाची?

“चित्रं माझी आणि खाली नाव दुसऱ्याचं!” जयवंती म्हणाली. “मला ती परत नकोत, हर्षदाताई. तिथंच माझं नाव पाहिजे.”

जव्हारात खाजगी तपासाचं काम करणाऱ्या हर्षदाकडे अशी तक्रार पहिल्यांदाच आली होती. तिचा मदतनीस मुकेश तर बघतच राहिला. आकाशात उडणाऱ्या ‘डोंगरिणी’ची कॉमिक्स काढणारी पोशेऱ्याची बाई ती हीच! डोंगरातली पहिली सुपरहिरो हिचीच.

“दहावीत काढलेली ती पहिली पानं. हेमंत सरांनी स्पर्धेसाठी नेली आणि हरवली म्हणाले. आता प्रदर्शनात लावून सांगतात, डोंगरीण मीच त्यांची चोरली!”

हर्षदाची नजर तिच्या डाव्या भुवईवरच्या व्रणावर आणि डाव्या मनगटावरच्या गोंदणावर गेली. त्यातली एक रेघ अंगठ्याकडे घसरली होती.

“सातवीत गोंदताना हात हिसकला मी,” जयवंती हसली. “व्रण त्याच्याही आधीचा.”

हर्षदा आणि मुकेश पोशेऱ्याला गेली. जयवंतीची मावशी सकू अंगणात नाचणी पाखडत होती.

“चित्रं? काय माहीत बाई,” ती म्हणाली. “पोर सारखी आरशाम्होरं बसायची. नटते कोणासाठी, म्हणून मी ओरडायची.”

“म्हणजे साक्षीदार नाहीच,” परतताना मुकेश पुटपुटला.

जयवंतीला घेऊन दोघं प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आली, तेव्हा तिथं गर्दी होती. हेमंत सर शांत होते.

“जयवंतीला समोर बसवून काढलीत?” हर्षदानं विचारलं.

“छे! डोंगरीण माझ्या कल्पनेतली. नीट बघा, हिचं गोंदण डाव्या हातावर, डोंगरिणीचं उजव्या. स्वतःला काढणारी हात चुकेल?”

मुकेशचा चेहरा पडला. हर्षदा मात्र एकेका पानापुढे थांबत गेली.

“व्रणही उजव्या भुवईवर. सगळ्या पानांवर तसाच. आणि गोंदणाची रेघ अंगठ्याकडे घसरलेली. सर, ही घसरलेली रेघ तुमच्या कल्पनेत कुठून आली?”

हेमंत सरांनी वाकून ती रेघ पाहिली.

“हिला बघून काढली असतीत, तर डोंगरिणीचाही व्रण डाव्या भुवईवर आणि गोंदण डाव्या हातावर आलं असतं. मुकेश, स्वतःचा डावा हात आपल्याला समोर उजवा कुठे दिसतो?”

मुकेशनं कपाळावर हात मारला. “आरशात!”

“आरशापुढं बसून जे दिसलं, तेच या मुलीनं काढलं. हिला असं उलटं बघणारं माणूस एकच, ती स्वतः.”

हॉलमध्ये कुजबूज वाढली. हेमंत सरांचा आवाज उतरला. “जयवंती, मी तुझा गुरू. दोघांची नावं लावू.”

“नाही.”

“मग घेऊन जा चित्रं. वाद नको.”

“नेणार नाही. इथंच राहतील.” तिनं टेबलावरचा जाड मार्कर उचलला. “तेव्हा सोळा वर्षांची होते, गप्प बसले. आता नाही.”

सरांच्या नावावर तिनं आडवी काट मारली आणि पांढऱ्या भिंतीवर लांबूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: जयवंती, पोशेरा.