गोळीची आठवण

आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं की फोटो दिसेनासे झालेत आणि गाणीही लागत नाहीत. म्हणून सुट्टी काढून ठमी दुपारच्या गाडीने आईकडे आली. ठमी हे घरातलं नाव. एरवी ती एका दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायची, आणि तिथे तिला सगळे मॅडम म्हणत.

तिच्या वडिलांनी जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलं, पण स्वस्थ बसणं रक्तात नव्हतं. जिन्याखालच्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर बसवून त्यांनी त्याचा घरचा सर्व्हर केला. फोटो, गाणी, आणि आईच्या हृदयाच्या गोळीची आठवण, सगळं त्यातच. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज यायचा, “अगं, गोळी. पाण्याबरोबर, चहाबरोबर नको.” गेल्या हिवाळ्यात ते गेले, पण आवाज राहिला. ठमीच्या जिवाला घोर होता तो त्याचाच. फोटोंचं काय, आज ना उद्या मिळतील. पण आवाज बंद पडला असेल तर विसरभोळी आई गोळ्या घेत असेल का?

कपाट उघडलं तेव्हा आत वडिलांच्या सोल्डरिंगच्या राळेचा वास कोंडला होता. आत बसायचं म्हणजे गुडघे पोटाशी घ्यावे लागत. बाहेर धुकं उतरलं होतं, आणि दिवस मावळायच्या आधीच घर अंधारलं. पडद्याच्या निळ्या उजेडात तिने पाहिलं. वडिलांनी प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवलं होतं, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारखं; एकाचं दुसऱ्यात सांडायला नको. कंटेनर सगळे जागेवर होते, सुरूही होते. पण आतून रिकामे. ज्या डिस्कवर त्यांचा माल होता तीच मेली होती. हात लावला तर थंडगार.

“आई, वरच्या खणात बाबांची दुसरी डिस्क असेल बघ. ते नक्कल ठेवायचे.”

“निळ्या फडक्यात गुंडाळलेली? आणते.”

त्या डिस्कला धक्का लागला नव्हता. ठमीने सगळे कंटेनर थांबवले, डिस्क जोडली, कंटेनरना माल कुठे शोधायचा त्याचा नवा पत्ता दिला, आणि मग एकेक करून उठवायला घेतलं. आधी फोटो आले. वडील शिडीवर, अँटेनाची वायर दातात धरून हसत. मग गाणी. स्वयंपाकघरात हलकेच सूर उमटला आणि भांडी विसळणारे आईचे हात थांबले.

“लागलं गं!”

शेवटी गोळीची आठवण राहिली. सुरू करण्याआधी ठमीने तिच्या नोंदी पाहिल्या. डिस्क गेली त्या दिवसापासून आवाज एकदाही वाजला नव्हता. त्याला महिना होत आला होता. ती तशीच उठून आत गेली.

“आई, खरं सांग. महिनाभर गोळ्या घेतल्यास?”

“न घ्यायला काय झालं? हे सोडतात होय मला?”

“बाबांचा आवाज बंद होता आई…”

“बंद कुठला! उलट हल्ली जवळून येतो. आधी त्या डबीतून यायचा. आता असा…” आईने खांद्यामागे, अगदी कानाजवळ बोट नेलं.

ठमीने गोळ्यांची पाकिटं तपासली. एकही गोळी कमीजास्त नव्हती. डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वी रात्रीची गोळी अर्धी केली होती, तर अर्धे तुकडेही नीट मोडून ठेवलेले.

“अर्धी करायची हे तुझ्या लक्षात राहिलं?”

“छे गं. हेच म्हणतात, अर्धीच घे.”

वडिलांनी अर्धी कधी म्हटलंच नव्हतं. त्यांच्या हयातीत ती गोळी पूर्ण होती. ठमीला वाटलं, आईचं मन घरभर त्यांचा आवाज पेरून बसलंय, दुसरं काही नाही. तिने आईला जवळ घेतलं. आईच्या पाठीची हाडं हाताला लागली. मग कपाटाकडे जाऊन तिने शेवटचा कंटेनर उठवला आणि चाचणीसाठी आवाज वाजवला.

“अगं, गोळी. पाण्याबरोबर, चहाबरोबर नको.”

ठमीचे डोळे भरून आले. पण आईने मान हलवली.

“हा मशीनचा. छान आहे. पण हे असे नाही बोलत आता…” आणि एकाएकी तिने ओठांवर बोट ठेवलं. “शू.”

गाणं थांबलं होतं. धुकं खिडकीला टेकलं होतं. राळेचा वास जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत आल्यासारखा दाट झाला. ठमीला काहीच ऐकू आलं नाही. आई मात्र मान कलती करून ऐकत होती, नव्या नवरीसारखी, किंचित लाजत. मग तिचा चेहरा उतरला.

“ठमे… मानेला काय झालंय तुझ्या? दाखवून घे म्हणतात. उद्याच.”

अंघोळ करताना बोटांना लागलेली ती गाठ ठमीने कुणालाही सांगितली नव्हती. ओढणीच्या आत तिचा हात आपोआप तिथे गेला.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गाठीसकट थायरॉइड काढली, ठमी बचावली, आणि आता तिलाही रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी लागली, जन्मभराची. आईकडचा सर्व्हर दुसऱ्या डिस्कवर बिनतक्रार चालू होता.

ठमी आपल्या घरी परतल्यावर थोड्या दिवसांनी सकाळीच आईचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी झाली, झोप लागते का, टाके दुखतात का. मग आई जरा घुटमळली.

“अगं, मशीनचा आवाज येतो वेळेवर. पण ते दुसरं बोलणं थांबलंय. घर कसं रिकामं रिकामं वाटतं.” आणि आवाज खाली आणून, “ठमे… तुझ्याकडे आलेत का गं?”

ठमी एकटी राहायची. तिच्या घरात स्पीकर नव्हता, सर्व्हर नव्हता. ती आत्ताच उठली होती, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

ओट्यावर पाण्याचा भरलेला पेला होता. त्याच्याशेजारी तिची गोळी, पाकिटातून काढून ठेवलेली. पेल्यातलं पाणी अजून हलत होतं.