जयराम ‘येतो’ म्हणाला

लाइट गेलीच आहे तर कंदील जरा इकडे सरकवा आणि नीट बसा. शाळेनं मला सातवीच्या पुढे जाऊ दिलं नाही, त्यामुळे सांगतोय ते पुस्तकातलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे.

नव्याण्णव साल. आमच्या नंदाखालच्या गॅब्रिएलच्या पोरीचं, सुझानचं, दुसऱ्या दिवशी लग्न. गणेशपुरीच्या एका जुन्या दोस्ताला बोलावणं द्यायचंच राहिलेलं, आणि फोन लागेना. मग सकाळी गॅब्रिएलनं आपली जुनी फियाट काढली. पुढे मी, म्हणजे नरहरी, त्याचा शेजारी केळीवाला. मागे आमचा मित्र जयराम. आचोळ्याला फ्लॅट, मुंबईला नोकरी, आणि इतका सभ्य की तिकीट तपासणाऱ्यालाही थँक्यू म्हणायचा. निघताना सुझान बापाला एवढंच म्हणाली, “पप्पा, तुम्ही आल्याशिवाय मी मांडवात बसणार नाही.”

दिवस सगळा कटकटीचा. टेपनं कॅसेट गिळली. माझ्या बाजूची काच दारात घसरली ती वर येईना. शिरसाड फाट्यावर खाल्लेला वडापाव जयरामनं पारोळला परत केला, तोही गॅब्रिएलच्या नव्या सीटकव्हरवर. त्यात मी मधूनमधून म्हणायचो, “गॅब्रू, मागचा टायर बसला वाटतं.” तो बिचारा उतरून बघायचा. माणूस असा तापला होता की त्याच्यापुढे इंजिन थंड म्हणायचं.

बोलावणं दिलं, जेवलो, परत फिरलो. ऊन कलायला लागलं होतं. दोन्हीकडे सागाचं रान, आणि बॉनेटमधून वाफ. बरोबर समोर झाडांत एक एकटं घर, ओट्यावर म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. गॅब्रिएलनं रेडिएटरसाठी पाणी मागितलं. तिनं मुकाट हंडा दिला. पाण्याला विझवलेल्या चुलीसारखा वास होता, पण गाडी काय वास घेते? भरलं, आणि निघताना तिघंही म्हणालो, “येतो हां मावशे.”

आपण म्हणतोच. ‘जातो’ कोण म्हणतं? ‘जातो’ म्हणणारा कायमचा गेला, असंच आपण धरतो.

वळण ओलांडलं, जरा पुढे गेलो, पुन्हा वाफ. थांबलो. उजव्या हाताला तेच घर. तोच ओटा. हंडा मात्र या वेळी आधीच भरून पायरीवर ठेवलेला.

“आलात,” म्हातारी म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

जयरामचं म्हणणं, आपण चुकीचा फाटा घेतला. त्या रस्त्याला फाटाच नाही. मी मावशीला विचारलं, तुझ्या पाण्यात वाफेचं बी पेरलंयस का? ती हसली नाही. गॅब्रिएलनं पाणी ओतलं, आम्ही पुन्हा ‘येतो’ म्हणालो आणि सुटलो.

आणि पुन्हा तिथंच आलो.

सूर्य सागाच्या मागे गेला होता. रानात एक पाखरू बोलत नव्हतं. आत कंदील लागलेला, खाली पाट मांडलेले. तीन पानं. भाताची वाफ येत होती आणि त्या वाफेलाही तोच वास… विझलेल्या चुलीचा.

“हातपाय धुवा,” म्हातारी म्हणाली. “पानी काढलंय. काळोख पडला का मी दार लावून घेनार.”

गॅब्रिएलचा हात माझ्या दंडावर आला.  “नरहरी… पोर थांबलीय रे माझ्यासाठी…”

मी जन्मभर लोकांना शब्दांत पकडून हसलेला माणूस. आपल्याला कुणीतरी शब्दात पकडलंय, हे माझ्याइतक्या लवकर कुणाला कळणार? मी त्याच्या कानात सांगितलं, की आपण येतो म्हणतो आणि ही ते खरं धरते. आता उलटं म्हण.

त्यानं छातीवर क्रूस केला. पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी असलं अभद्र तोंडातून काढू का, म्हणाला.

“नको काढूस,” मी म्हणालो. “सुझानला उद्या चर्चात कोण नेणार, तेवढं सांग.”

तो ओट्यापाशी गेला. घसा साफ केला. “मावशे, मी जातो.”

“मीही जातो,” मी म्हणालो.

म्हातारीनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेली आणि दोन पानं उचलली.

गाडी पाण्याशिवाय चालू झाली. गॅब्रिएलनं गिअर टाकला, चाकं हलली, आणि मागच्या खिडकीतून, सवयीनं, हात हलवत, आमचा सभ्य जयराम म्हणाला, “येतो हां आजी.”

हायवे लागला. गाडी तापली नाही, घरही पुन्हा आलं नाही. आचोळ्याला जयरामला बिल्डिंगखाली सोडलं. उतरताना तो म्हणाला, “जातो.” मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी गडी थट्टा शिकला.

सुझान मांडवाच्या तोंडाशीच उभी होती. बापाला बघून रडली, मग दोघं मिळून माझ्यावर ओरडले. लग्न झोकात झालं. मी बॅण्डपुढे असा नाचलो की गॅब्रिएलच्या बायकोनं, लूर्डसनं, मला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

पावसाळा संपल्यावर एकदा केळ्यांची फणी घेऊन जयरामकडे गेलो. तो ऑफिसातून यायचा होता. मनोरमा वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. चांगल्या हसतमुख बाई, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली.

“भावजी, हे रोज सकाळी निघताना ‘जातो’ म्हणतात. मी म्हटलं, अहो, येतो म्हणा. तर म्हणाले, ते मी दुसरीकडे म्हटलंय.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“जातो म्हणून हे जातात… मग रोज संध्याकाळी येतं ते कोण, भावजी?”

त्यांना चिडवायला मी तोंड उघडलं. चांगलं काहीतरी सुचलंही होतं. तेवढ्यात बेल वाजली.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मीही उठलो नाही. बाहेरच्यानं पुन्हा बेल दाबली, अगदी हळू, सभ्यपणे.